बदलापूरची पुस्तकभिशी आणि दोरीवर टांगलेली रहस्यकथा

मराठी माणूस वाचत का नाही, यावर आजवर बरेच परिसंवाद झडले. खरा गुन्हेगार मात्र दर वेळी वक्त्यांच्या डोक्यावर गरगरत होता आणि कुणी मान वर करून पाहिलं नाही. छताचा पंखा. मे महिन्यात तो पाचावर ठेवला की पानं आपल्याला मागे टाकून पुढचं प्रकरण वाचायला निघतात, आणि तिनावर आणला की वाचकाचा घाम नायिकेच्या कपाळावर टपकतो. चार हा आकडा आमच्या रेग्युलेटरवर छापलेला आहे, पण तो शोभेचा. नाशिकच्या घरात हा अन्याय मी वर्षानुवर्षं सोसतो आहे. यंदा तो बायकोपुढे सविस्तर मांडला.

"मग बाहेर जाऊन वाचा," सुनंदा म्हणाली. "नाहीतरी प्रमिलामावशीने भिशीला बोलावलंच आहे."

प्रमिलामावशी म्हणजे सुनंदाची मावशी, राहणार बदलापूर गाव. तिच्या भिशीत पैसे नसतात, पुस्तकं असतात. दर मेमध्ये एका रविवारी मंडळी जमतात. प्रत्येकाने आपलं लाडकं पुस्तक आणायचं, ते का वाचावं हे सांगायचं, मग चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचा नंबर लागेल त्याने अख्खा गठ्ठा घरी न्यायचा, दसऱ्यापर्यंत वाचायचा आणि कुणाची शिफारस खोटी निघाली ते पुढच्या वर्षी तोंडावर सांगायचं. साहित्यसमीक्षेचा इतका प्रामाणिक प्रकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मी लगेच गाडीत हवा भरून आणली.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं: नाशिकहून पहाटे निघा. कसारा घाट उजाडता-उजाडता उतरला की शहापूरला चहा होतो, पडघ्यावरून कल्याण आणि पुढे उल्हासनगर. उशीर केलात तर कल्याणमध्ये गाडीत बसून एक छोटी कादंबरी वाचून होईल. तशी सोबत ठेवा.

आम्ही आधी उल्हासनगर कॅम्प दोनला थांबलो, कारण सुनंदाकडे पुस्तकच नव्हतं. तिचं लाडकं पुस्तक तिच्या बहिणीने नेलं होतं आणि बहिणीने नेलेली वस्तू इतिहासजमा असते. कॅम्प दोनमध्ये गाडी लावायला जागा मिळणं ही अफवा आहे. लांब लावा, चालत या, आणि आल्याबरोबर दाल-पकवान खा. दोघांचं शंभराच्या आत झालं. कुरकुरीत पकवानावर गरम डाळ आणि चिरलेला कांदा पडला की माणूस कुठल्याही भाषेतल्या साहित्याला तयार होतो.

शेजारच्या गल्लीत हरेशशेठचं रद्दीचं दुकान. इंग्रजी पुस्तकं ओळीत, मराठी पुस्तकं वजनकाट्याशेजारी ढिगात.

"मराठी किलोवर, इंग्लिश नगावर," हरेशशेठ म्हणाले.

"हा भेदभाव का?" मी विचारलं.

"भेदभाव नाय साईं, फायदा आहे तुमचा. इंग्लिशवाला एक नेतो, फोटो काढतो. मराठीवाला किलो नेतो आणि वाचतो पण. किसका धंदा अच्छा, बोलो."

ढिगात कोपरापर्यंत हात घालून सुनंदाने एका खानावळवालीच्या आठवणींचं पुस्तक वर काढलं. शाळेच्या सुट्टीत तिने ते वाचलं होतं. तिचा चेहरा असा झाला की मी घासाघीस केली नाही. हरेशशेठनीही काटा वापरला नाही. "ताईंचं ओळखीचं दिसतं," म्हणाले, आणि चहाच्या भावात देऊन टाकलं.

पुढचा थांबा अंबरनाथ. शिवमंदिर पाहायचं तर सकाळीच पाहा. दुपारी दगड तापतो आणि भक्तीचा कस लागतो. आम्हाला बुवापाड्यात जायचं होतं, भिशीतल्या शैलाला गाडीत घ्यायला. मावशीचा तसा हुकूम होता.

शैलाचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पलंगावर तिचा नवरा विजय उताणा झोपलेला. कंपनीत पिंप उचलताना कमरेतली गादी सरकली होती आणि डॉक्टरांनी अजून दोन महिने उठायला मनाई केली होती. पण माझी नजर त्याच्या वर गेली. पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली, आणि तिला एक पुस्तक चिमट्यांनी टांगलेलं. उघडं, तोंड खाली. विजय झोपल्या-झोपल्या वाचत होता. पंखा पाचावर होता आणि एक पान हलत नव्हतं. पंख्याचा मुद्दा घेऊन मी परिसंवादात जाणार असतो तर तिथूनच परत फिरलो असतो.

"रहस्यकथा आहे," विजय म्हणाला. "तिसऱ्यांदा वाचतोय. खुनी तोच निघतो, पण आता त्याची दया यायला लागलीय. तुम्ही काय आणलंय साहेब, दाखवा."

मी माझी कादंबरी त्याच्यासमोर धरली. जाडजूड, गंभीर, मी आजवर पंधरा जणांना भेट दिलेली. त्याने चार-पाच ठिकाणी पानं उलटायला लावली.

"तुमचा नायक इथेपण विहिरीच्या कट्ट्यावर बसलाय आणि तिथेपण. मणक्याचा त्रास आहे का त्याला?"

पंधरांपैकी कुणी असं विचारलं नव्हतं. आता संशय येतो की त्यांनी ती उघडलीच नसावी.

तेवढ्यात शैला आतून आली, चिमटे काढले, रहस्यकथा दोरीवरून उतरवली आणि पिशवीत टाकली. भिशीत टाकायला घरात तेवढं एकच पुस्तक होतं.

"दोरी रिकामी करून चालली," विजय छताकडे बघत म्हणाला. "नंबर नाही लागला तर मलाच टांग."

गाडीत बसल्यावर शैला मोकळेपणी बोलली. "ह्यांच्या हातात पुस्तक असलं की माणूस, नसलं की नुसती जीभ. परवा शेजाऱ्याच्या मुलाला नापास व्हायचे फायदे सांगत होते. वाचनालयाचं एक पुस्तक आणावं तर दुपारपर्यंत फस्त. मला रजा कुठे मिळतेय रोज जायला? तो गठ्ठा मिळाला तर दोन महिने निघतील, दादा."

"मग आधीच मागून घे," सुनंदा म्हणाली. "अडलेल्याला पहिला नंबर देतातच की भिशीत."

"मागायचं म्हणजे कारण सांगायचं. कारण सांगितलं की सगळे भेटायला येणार, केळी घेऊन. ह्यांना ते नाही चालत. तिथे काही बोलायचं नाही हं, वहिनी."

आम्ही कबूल केलं. बदलापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात चिठ्ठ्यांना नवस बोलत होतो.

बदलापूर गावात मावशीच्या अंगणात आंब्याखाली सतरंज्या पसरल्या होत्या. टोपलीत जांभळं, घरात वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या. "जावई सुकले गो," एवढं म्हणून मावशीने तीन भाकऱ्या वाढल्या. जेवणानंतर शिफारशी. नियम असा की कोकम सरबताचा ग्लास संपेपर्यंतच बोलायचं आणि पुस्तकाचं नाव भिशीबाहेर सांगायचं नाही. नावं हवी असतील तर एक पुस्तक घेऊन तिथे जा. मी बांधील आहे.

मजकूर मात्र सांगतो, आणि सांगताना अजून हात शिवशिवतात. निवृत्त पोस्टमास्तरांनी जुन्या विहिरींवरचं पुस्तक आणलं होतं. ते वाचल्यापासून मास्तर कुणा नातेवाइकाकडे गेले की आधी विहीर बघतात, मग नातेवाईक. एका तरुण शिक्षिकेने भुतांच्या गोष्टी आणल्या: "दुपारी वाचा. संध्याकाळनंतर माझी जबाबदारी नाही." मावशीचं पुस्तक भातशेतीवरचं. "यात हिरो नाय, पन पीक येतं शेवटी. तुमच्या कादंबऱ्यांत तेवढंपन होत नाय." सुनंदाने खानावळवालीचं सांगितलं तेव्हा दोन बायकांनी तिथल्या तिथे फोनमध्ये टिपून घेतलं. मी माझ्या नायकाच्या आंतरिक संघर्षावर बोललो. सरबत संपायच्या आत मावशीने माझ्या हातातला ग्लास काढून घेतला.

शैला उठली. "ह्यांनी तीनदा वाचलंय. एवढंच सांगते," म्हणाली आणि बसली. सगळ्यांत चांगली शिफारस तीच होती.

चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. काढायचा मान पाहुण्याचा, म्हणजे माझा. डब्यात हात घातला आणि शैलाकडे बघायचं टाळलं. चिठ्ठी उघडली.

सुनंदा.

टाळ्या पडल्या. माझ्या डोक्यात एक देखणं भाषण जुळायला लागलं, त्यागाचं, ग्रंथप्रेमाचं, शेवटी आवाज किंचित भरून येणारं. मी घसा साफ करेपर्यंत सुनंदा बोलून मोकळी झाली होती.

"मावशी, डिकीत मला आंब्याच्या पेट्या न्यायच्यात. हे ओझं कुठे ठेवू? शैला, आपण नंबर बदलूया."

शैलाने मान खाली घातली. मावशीने क्षणभर दोघींकडे पाहिलं.

"बदला. पन भिशीत फुकट काय नाय. शैला, तू काय देतेस?"

शैलाने गठ्ठ्यातून रहस्यकथा ओढून काढली. "हे देते. पण वाचून ह्यांना मत कळवायचं. खरं मत. न वाचता कळवलं तर ते ओळखतात."

"हे कळवतील," सुनंदा म्हणाली आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

औदार्य तिचं, गृहपाठ माझा. आम्ही गठ्ठा बुवापाड्यात पोचवला. विजयने चिमटे आधीच हातात घेऊन ठेवले होते. पहिलं कुठलं टांगायचं यावर नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं, तेव्हा आम्ही निघालो.

नाशिकला येऊन आता आठवडा झाला. आंबे संपले. राहिलं काय, म्हणाल तर विहिरींचं पुस्तक, जे मी वाचलेलं नाही आणि जे सारखं डोक्यात येतं. आणि एक बारीकशी शंका, की आपल्याला आवडलेल्या पुस्तकांपैकी किती आपण दोरीवर टांगून तीनदा वाचली असती.

विजयचे व्हॉइस मेसेज येतात. भातशेती संपली, भुतं चालू आहेत, माझा नायक अजून कट्ट्यावरच आहे. माझ्या मताबद्दल तो काही विचारत नाही. ते विचारण्यापेक्षा वाईट.

रहस्यकथा मी पहिले दोन दिवस वर्तमानपत्राच्या आड वाचली. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घ्यायचं विसरलो. काल दुपारी शेवटचं पान झालं. सुनंदा झोपली होती. मी गच्चीवर गेलो, दार ओढून घेतलं आणि फोन तोंडाजवळ धरला.

"विजयराव, वाचलं. माझा संशय शेवटपर्यंत डॉक्टरवर होता. कंपाउंडर माझ्या ध्यानातसुद्धा आला नाही." दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग म्हणालो, "आवडलं," आणि पाठवून दिलं.