काळ्या सातेरीचं घराणं

नाव: लखमा गोमा वाघ. राहणार वैशाखऱ्याच्या वरची ठाकूरवाडी, तालुका मुरबाड. वय अंदाजे पन्नास. शिक्षण निरंक. पद: हंगामी अकुशल मजूर (कीटक). ही नोंद २००३ साली मुंबईच्या एका महाविद्यालयाने केली. कंसातला शब्द कोणत्या नियमाखाली आला, ते कळू शकलं नाही.

संशोधन करणाऱ्या दामिनीबाईंना झाडांच्या ढोलीत पोळं करणारी सातेरी मधमाशी हवी होती. डोंगरावर ती काळी, खाली पिवळी. त्यांचे सर म्हणत, रंगावर जाऊ नका; थंडीने कोणतीही माशी गडद होते.

"मग सरांना पौषात इकडं धाडा," लखमा म्हणाला. "दोघींची घरं येगळी हायत, बाई. आजची गोष्ट नाय ती."

वाडीत मोहोळाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असे.

बाईंनी तपासणी समजावली. पेशीत शक्ती तयार करणारे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांचे जनुक फक्त आईकडून येतात. त्यातली अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या थोडीथोडी बदलतात. फरक जितका जास्त, तितकी घराणी फार पूर्वी फुटलेली.

"बापाला कुणी इचारीतच नाय," लखमाची बायको भागी म्हणाली. "कण शहाणा हाय."

वीस ढोल्या, प्रत्येकीतली एक माशी, स्पिरिटच्या वीस कुप्या. लखमाने आठ दिवसांत भरून दिल्या. महिन्याने निकाल आला. काळ्या ढोल्यांतल्या पाच माश्या पिवळ्या घराण्यातल्या निघाल्या. सर समाधानी होते.

लखमा दोन दिवस त्या पाच ढोल्यांसमोर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी तो बाईंकडे गेला.

"चूक माझी हाय. आमी मध काढला तरी सातेरी मारीत नाय. म्हणून दारात मेलेल्या उचलल्या. मध चोराया आलेल्या पिवळीला काळी दारातच मारते, ते ध्यानात नाय राहिलं. सुकल्यावर सगळ्या सारख्याच काळपट."

"लखमादादा, तपासणी आणखी एकदाच होईल. तीही चुकली तर?"

"तर मोहोळावर मी बोलणार नाय. आता जित्ती घेतो, पिलांवर बसलेली. पाव्हणी कुणाच्या पिलांवर बसत नाय."

कोणती ढोली कोणत्या घरची, ते बाईंनी त्याच्याकडून आधीच लिहून घेतलं आणि पाकीट बंद करून सरांकडे दिलं. मग प्रत्येक ढोलीसमोर हात जोडून, तोच हात कोपरापर्यंत आत घालून, लखमाने एकेक माशी काढली. विसाव्या ढोलीनंतर डंखांनी सुजलेल्या हाताने त्याला भाकरीचा तुकडा मोडवेना.

"बरं केलं माश्यांनी," म्हणत भागीने त्याला भरवलं.

जनुकांनी वीस माश्या दोन घराण्यांत वाटल्या: बारा काळ्या, आठ पिवळ्या. सरांनी पाकीट फोडलं. लखमाच्या यादीत एकाही ढोलीचा फरक नव्हता.