दादाची साखर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये होते. "हे गेले गं सकाळी... झोपेतच. आणि बेसमेंटमध्ये बियरच्या बाटल्या आहेत. फुटतील का त्या? तू ये, तुला कळतं त्यातलं." रडणं आणि बाटल्या, दोन्ही एका दमात. मी विमानाचं तिकीट काढलं.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. अमेरिकेत शॉमबर्गला इंजिनिअर म्हणून उभी हयात काढली आणि रिटायर झाल्यावर घरी झाकणाच्या बादलीत बियर करू लागला. बाटल्या मित्रांकडून मागून आणलेल्या, हव्या त्या मापाच्या. बियर बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर घालतात. यीस्ट ती खातं, त्याचा गॅस होतो. दादा पूजेच्या पळीने साखर घालायचा. बाटली लहान असो की तिप्पट मोठी, एक पळी. मी रेडमंडजवळ शीतपेयांच्या कारखान्यात गॅसच तपासते. गेल्या उन्हाळ्यात तीन आठवडे त्याच्याकडे राहिले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं. लहान बाटल्यांत गॅस कोंडणार, काच फुटून कुणाच्या डोळ्यात जाऊ शकते, हे मला माहीत होतं. तरी गप्प बसले. कारण त्याच दुपारी जेवताना तो शेजाऱ्यांसमोर म्हणाला होता, "हिला एक नवरा सांभाळता आला नाही, हाताखाली तीस माणसं कशी टिकतात कोण जाणे!"

अडीच आठवड्यांनी त्याने मित्रांना जेवायला बोलावलं. लहान बाटली उघडली तशी बियर छतापर्यंत उडाली, त्यातले जोशीकाका नखशिखान्त भिजले. मोठीत जेमतेम बुडबुडे. "ही काय यार, दम संपलेली बियर?" कुणीतरी म्हणालं. मी याच क्षणाची वाट पाहत होते. म्हटलं, "दादा, पळीभर तीर्थ लहानमोठ्यांना सारखं चालतं. बियरला नाही." सगळे पोट धरून हसले. नंतर सिंकपाशी ग्लास विसळताना त्याने विचारलं, "तुला आधीच ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याने नळ बंद केला. हिवाळ्यात मात्र त्याचा फोन आला. आयुष्यात त्याने मला कधी सल्ला विचारला नव्हता. "नीला, सांग ना, प्रत्येक मापाला किती साखर?" उत्तर एका वाक्याचं होतं: सगळी साखर आधी बादलीतल्या बियरमध्ये विरघळव, मग कुठलीही बाटली भर. मी म्हटलं, "इंजिनिअर ना तू? काढ की गणित." त्याने फोन ठेवला. आमचं शेवटचं बोलणं ते.

तेराव्यानंतर मी गॉगल आणि ओव्हनचे हातमोजे घालून बेसमेंटमध्ये उतरले. अंगाशी टॉवेल धरून एक लहान बाटली उघडली, मग एक मोठी. दोन्हींना सारखा, बेताचा फेस. कोपऱ्यात बादली धुऊन पालथी घातलेली, शेजारी झाकण. झाकणावर पांढरी पट्टी चिकटवलेली, त्यावर त्याचं ताठ अक्षर: "साखर आधी बादलीत, मग बाटल्या. नीलाला विचारायचं नाही."

वहिनी जिन्यावरून म्हणाली, "बरी झाली ना गं? तूच शिकवलंस ना त्यांना फोनवर?"

"हो," मी म्हटलं.

बियर मोरीत ओतली. बादली घेऊन आले. चांगली आहे, झाकण घट्ट बसतं. आता तिच्यात तांदूळ ठेवते. पट्टी काढलेली नाही... रोज भात लावताना झाकण हातात घ्यावंच लागतं.