मूर्तीची जागा सांगणाऱ्या म्हात्रे मॅडम

सुनंदा म्हात्रे मॅडमना मी पहिल्यांदा पेणच्या कॉलेजात, सी या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या तासाला पाहिले. त्या रोज रोह्याहून येत. कागदावर कॉम्प्युटरच्या मेमरीचे चौकोन काढून कोणत्या चौकोनात काय आहे हे लिहिल्याशिवाय त्या कोणालाही कीबोर्डला हात लावू देत नसत. एकदा प्राचार्य तपासणीला आले, तेव्हा सगळे कॉम्प्युटर बंद होते. "आधी डोक्यात चालू दे, मग मशीनवर," असे मॅडमनी त्यांनाही सांगितले.

तरीही मला पॉइंटर समजले नाहीत. फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या छोट्या भागात, एखादा आकडा बदलला, तरी बाहेर आल्यावर तो जुनाच दिसे. त्याच सुमारास माझा मोठा भाऊ गेला. पेणजवळच्या जोहे गावातला आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना तोच बघायचा. मी कॉलेज सोडायचे ठरवले.

मॅडम एसटीने भेटायला आल्या. आईजवळ बसल्या. निघताना कारखान्यात त्यांनी मला विचारले, "दादा गेला म्हणून सोडतोयस, का पॉइंटर जमेना म्हणून?"

"दोन्ही," मी म्हणालो.

मूर्तींच्या रांगांकडे बघत त्या म्हणाल्या, "डोळ्यांच्या आखणीला मूर्ती कारागिराकडे नेता?"

"नाय मॅडम. मूर्ती कशाला हलवायची? कुठली ते सांगतो, तो तिथं जाऊन आखतो."

"मग फंक्शन म्हणजे तुझा कारागीरच; त्याला मूर्तीची नक्कल का देतोस? तो नकलेचे डोळे आखतो, खरी तशीच राहते. त्याला जागा सांग. पॉइंटरमध्ये ती जागाच असते."

आई दारात उभी होती. "एवढाच व्हय? मंग यो एवढे दिस डोका का खाजवत व्हता?"

भाऊ गेल्यापासून आई प्रथमच असे बोलली. मॅडम हसल्या. "वहिनी, सकाळी तो कारखान्यात राहू दे. दुपारी माझ्याकडे पाठवा."

"रंगाचा मी बघीन," आई मला म्हणाली. "जा रं तू."

त्या वर्षी कॉलेज सुटल्यावरही मॅडम माझ्यासाठी प्रयोगशाळेत थांबत. त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. आज मी त्याच कॉलेजात शिकवतो; सकाळी कारखाना बघतो. भावाविषयी मला लिहिता येत नाही, पण मॅडमविषयी लिहिताना तो आठवतोच.

मॅडमना साठ पूर्ण झाल्याचे आईला सांगितले. ती म्हणाली, "साठ म्हंजे काय वय हाय? अजून तुझी पोरा शिकायची हायेत त्यांच्याकडं."

माझी मुलगी यंदा पहिलीत गेली. तिला शिकवण्याइतके आयुष्य आणि तशीच ठणठणीत तब्येत मॅडमना लाभो, एवढेच आमच्या घराचे मागणे.