माझी बहीण, कारभारीची सीए

हर्सूलच्या चौकात सीएचा पहिला फ्लेक्स लागला तो आमच्या दीपमालाचा. लावला मी. तिचा फोटो मोठा, खाली माझा. मी नववीतून शाळा सोडून वेल्डिंगला लागलो तव्हा ती दुसरीत होती. तिची शाळा, कॉलेज, क्लास, सगळं माझ्या हातच्या जाळ्या अन् गेटांतून झालं. परीक्षेत दोनदा आपटली तव्हा लोक म्हणले, "कडूबा, लगीन उरक तिचं." मी म्हणलो, माझी बहीण हाय, पास झाल्याबिगर उठणार नाय. झाली पास. लगीन मग केलं. आता उस्मानपुऱ्यात ऑफिस हाय तिचं, मोठमोठे शेठ बाहेर बाकड्यावर बसून राहतात.

पण माझ्या वर्कशॉपचं काम मी तिला कधी दिलं नाय. आमच्यात लेकीच्या घरचं पाणीबी पीत नव्हते. भावानं बहिणीला द्यायचं असतं. ती माझ्याकडून फी घेणार नाय असं मी धरून चाललो, अन् फुकटात राबवून घेणारा भाऊ मी नव्हं. म्हणून बजाजनगरातला नेटकॅफेवाला माझं रिटर्न भरायचा. "शेठ, किती दाखवू?" "कमीच दाखव." टॅक्स लागत नव्हता. चारचौघांत छाती काढून सांगायचो मी ते.

आमच्याच गल्लीत कारभारीचं वर्कशॉप. वेल्डिंग शिकला माझ्याकडं. त्यानं दीपाला सीए धरलं, फी देऊन. मग एक दिवस त्याच्या दारात क्रेन आली अन् पत्रा कापायचं लेझर मशीन उतरलं. पेढे घेऊन आला.

"कडूबाशेठ, तुमच्या बहिणीची किमया. बँकेत सगळं तीच बोलली, मी नुसती मुंडी हलवली."

पेढा तोंडातल्या तोंडात फिरत राह्यला. शिकवली मी, अन् मशीन त्याच्या दारात.

त्यातच माझ्याकडून माल घेणाऱ्या कंपनीनं मला निरोप धाडला. विजेच्या पॅनलच्या पेट्या आता लेझरवर कापलेल्याच पाहिजेत. दिवाळीपर्यंत थांबू, नायतर ऑर्डर कारभारीला. मी तसाच मशीनसाठी कर्ज मागायला बँकेत गेलो. साहेबानं रिटर्न बघितलं.

"एवढ्याशा कमाईत घर कसं चालतं तुमचं?"

"वर्कशॉपवर या साहेब, चार वेल्डर हायेत."

"मी कागद बघतो."

राखीला दीपा आली. माझ्या बायकोनं, द्वारकानं, सगळं तिच्या कानावर घातलं. राखी बांधताबांधताच तिनं विचारलं, "दादा, मला का नाय सांगितलं?"

"तुझ्याकडून फुकट घेऊ व्हय?"

"फुकट कोण देतंय? फी घेईन. वेळेवर दिली नाय तर फोनवर फोन करीन."

"कारभारीला करावे लागतात का गं?"

"ते नाय सांगणार. एकाचं दुसऱ्याला सांगत नसते मी."

फी म्हणली तसा माझा जीव हलका झाला. देणारा मीच राह्यलो ना.

तिनं आधी मागचे रिटर्न दुरुस्त केले, खरी कमाई दाखवली, टॅक्स भरायला लावला. लई जिवावर आलं. पण पत्र्याच्या खरेदीवरचा जीएसटी मी उगाच सोडून देत होतो, तो यंदापासून भरायच्या जीएसटीतून वळता केला. वेल्डरांचे पगार, लाईटबिल, मशिनींची झीज, सगळं खर्चात धरलं. मग घेऊन गेली मला त्याच साहेबाकडं. त्यानं चहा आधी तिच्यापुढं ठेवला, मग माझ्यापुढं. ती म्हणली, "हे माझे क्लायंट."

बाहेर आल्यावर मी फुगलेलोच. "भाऊ म्हणायला जीभ जड झाली का?"

"भावाला कर्ज देत नसतात, दादा. धंद्याला देतात."

दिवाळीच्या आधी माझ्या दारात क्रेन आली. ऑर्डर माझ्याकडंच राह्यली. कारभारी बघायला आला, मशीनभोवती फिरला. लई बरं वाटलं. पेढा त्याला मी माझ्या हातानं भरवला.

भाऊबीजेला दीपानं ओवाळलं. ताटात ओवाळणी टाकली, वर फीचं पाकीट. ती म्हणली, "फीला अजून वेळ हाय, दादा."

"असू दे. कारभारीनं दिली का?"

ती नुसती हसली. पण मीच आधी दिली असणार.