मामाची मंगळवारची जागा

डायलिसिस सेंटरच्या कॉम्प्युटरवर एक छोटा चौकोन आहे, ‘उपचार बंद होण्याचं कारण’. मामा जाऊन पंधरा दिवस झाले, तरी सिस्टरनी त्याच्या नावापुढचा तेवढा चौकोन मोकळाच ठेवला होता.

मी मामाची फाइल द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "बस रे. काय टाकू सांग."

तीन वर्षं मामाच्या उशाशी बसून मी तिथं सगळ्यांच्या नकला केल्या, अगदी मशीनच्या बीपचीसुद्धा. म्हणून मामाच्याच घोगऱ्या आवाजात म्हणालो, "दुसऱ्या सेंटरला गेला म्हणून टाका. तिकडं प्यायचं पाणी इथल्यासारखं मोजून देत नाहीत."

सिस्टर हसल्या, मग चष्मा पुसत बसल्या. "तसं टाकलं तर वरच्यांना वाटेल, माणूस अजून मशीनवर आहे. कुठं किती मशीन लागतात ते या यादीवरून ठरतं, बाळा."

आमच्या मामाला भावकीत कधी कुणी मोजलं नाही. इथं त्याच्या नसण्याचीसुद्धा नोंद लागत होती.

"मृत्यू टाका," मी म्हणालो. एवढं मला दुसऱ्या कुणाच्याच आवाजात बोलता आलं नाही.

सिस्टरनी बाहेर बाकावरच्या बाईंना हाक मारली. "मावशी, जागा झाली. मंगळवारी मुलीला घेऊन या."

मावशींनी आनंदानं माझाच हात धरला. "मिळाली बघ एकदाची."

"खिडकीजवळचा पलंग आहे, मावशी," मी म्हणालो. "दुपारी ऊन तोंडावर येतं. तेवढा पडदा ओढून घ्या."