अफूची चव

"आई, पोरीला काय चाटवलंस?"

देवासच्या स्टँडवरचा चहावाला असा ओरडला, की ब्रेक दाबूनही न थांबणारी धारची बस जागीच थांबली. त्याची तान्ही लेक आजीच्या मांडीवर गाढ झोपलेली. आजीच्या बोटाला अफू.

नव्वदच्या दशकात मी रोज त्याच्याकडे चहा प्यायचो. दाढ उपटतानाही गड्यानं बधिर करायची सुई घेतली नाही; किंकाळी पार धारपल्याडच्या मोहनखेड्यात ऐकू गेली म्हणे. कारण विचारलं, तर हसला. "भिया, आजा अफूनं गेला, बाप अफूनं गेला. डॉक्टर म्हणतात, ओढ रक्तातून उतरते. आपण कुठल्याच गुंगीची चवच घ्यायची नाही."

आता त्यानं पोरीला उचलून छातीशी धरलं. "हिच्यातही तेच रक्त आहे ना, आई!"

आईनं बोट पदराला पुसलं. "रडत होती. तुलाही मी असंच निजवायचे."