थोरल्या साडूची तार

साडू हे नातं देवाने केवळ तुलनेसाठी निर्माण केलं, यावर गल्लीत दुमत नाही. मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या थोरल्या साडूला तर हे धाकट्याच्या लग्नातच कळलं होतं. दोघी बहिणींतली मोठी याच्या घरात, धाकटी त्याच्या. त्याच्याकडे फ्रिज दोन दारांचा. त्याच्या डोक्यावर केस. थोरल्याने सगळं गिळलं, कारण त्या घरात नसलेली एक गोष्ट याच्या खिशात होती: रिपीटरच्या खोलीची किल्ली.

हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर म्हणजे उंच इमारतीच्या गच्चीवर बसवलेलं यंत्र. खालून कुणी हातातल्या सेटवर पुटपुटलं, की ते ऐकायचं आणि त्याच क्षणी जोरात गावभर सांगायचं. अगदी आमच्या गल्लीसारखं. फरक इतकाच, की यंत्र मीठमसाला लावत नाही.

गच्चीवरच्या त्या खोलीत थोरला जावयाच्या थाटात वावरायचा. एकदा भरात येऊन त्यानेच धाकट्याला रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला बसवलं. पायावर धोंडा पाडून घ्यावा तो असा, स्वतः उचलून! धाकटा पास झाला आणि बघता बघता रेडिओवाल्यांच्या गटाने रिपीटरचा नवा अँटेना उभारायचं काम त्यालाच दिलं. अँटेना झकास उभा राहिला. "भावोजींच्या हाताला वळण आहे हो," बायको म्हणाली. थोरल्याने ताट बाजूला सारलं.

मग वारे सुटले आणि खरखर सुरू झाली. जवळचे सेट खणखणीत ऐकू यायचे, पण लांबून कुणी बोललं की त्याच्या शब्दांवर वाळू ओतल्यासारखं व्हायचं. रोज सकाळी सगळे सेटवर हजेरी लावून खुशाली सांगत. तिथे गट चालवणाऱ्या निवृत्त बाईंनी विचारलं, "थोरले, तुमचा फिल्टर बघता का जरा? ओव्हर."

फिल्टर म्हणजे यंत्राचं बोलणं त्याच्याच कानात शिरू न देणारी तांब्याची नळकांडी. ती थोरल्याने स्वतः जुळवलेली.

"माझा फिल्टर?" तो सगळ्या गटाच्या कानांदेखत भडकला. "दोष फिल्टरमध्ये निघाला, तर खोलीची किल्ली धाकट्याला देतो. आणि अँटेनात निघाला, तर त्याने पुन्हा गच्चीवर पाय ठेवायचा नाही! ओव्हर!"

"चालेल, दादा," धाकटा शांतपणे म्हणाला. हा शांतपणाच थोरल्याला सगळ्यात जास्त झोंबायचा.

रविवारी दोघे वर गेले. परीक्षा सोपी होती. अँटेनाची केबल काढायची आणि तिथे डमी लोड जोडायचा. हा डबा यंत्राची सगळी ताकद गिळून नुसता गरम होतो, हवेत काही सोडत नाही. खरखर राहिली तर दोष खोलीत, गेली तर गच्चीवर. धाकटा जिन्यात जाऊन लहान सेटवर, लांबच्यासारखा क्षीण आवाज पोहोचावा म्हणून अगदी कमी ताकदीवर बोलला. आवाज लख्ख आला.

"गेली!" थोरला टाळी पिटत ओरडला. "चला धाकटेराव, आता आपल्या कर्तृत्वाचं दर्शन घ्या!"

केबल पुन्हा जोडून ते बाहेर आले. सेटवर लांबचं कुणी बोलत होतं आणि खरखर परतली होती. धाकट्याने अँटेनाचा एकेक सांधा हलवून पाहिला, सगळे घट्ट. मग त्याची नजर केबलवर गेली. त्याने लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून कुणीतरी लोखंडी तार गुंडाळली होती. तिचं गंजलेलं सुटं टोक वाऱ्याने खांबावर टकटक करत होतं. यंत्राच्या लहरी अशा सैल, गंजक्या लोखंडावर आदळल्या, की खरखर होऊन परततात. त्याने ते बोटाने धरलं. खरखर थांबली. सोडलं. सुरू झाली.

थोरल्याने तार ओळखली. अँटेनाचं कौतुक ऐकून तो एका दुपारी एकटाच वर आला होता. "म्हणे प्लास्टिक टिकणार!" असं पुटपुटत दुकानात पडलेली बांधायची तार त्यानेच गुंडाळली होती. धाकट्याच्या कामावर आपली एक गाठ तरी असावी, एवढाच हेतू.

"ही कुणी बांधली असेल हो, दादा?"

"केबल टीव्हीवाले! दिसेल त्याला तार गुंडाळतात मेले."

"असेल," म्हणत धाकट्याने ती पक्कडीने तोडली. दुकानात हजारदा पाहिलेली ती पीळदार गाठ त्याने ओळखली नसेल? तो सेटवर एवढंच म्हणाला, "खरखर गेली. दोष ना फिल्टरचा, ना अँटेनाचा. बाहेरच्या एका तारेचा. दादांच्या चाचणीमुळे सापडला. ओव्हर."

अब्रू वाचली म्हणून थोरल्याने सुखावायला हवं होतं. तो पेटलाच. फ्रिज याचा, केस याचे, आणि आता मोठं मनसुद्धा याचंच? त्याने सेट हिसकावला.

"तार मी बांधली होती. मीच! किल्ली धाकट्याला देतोय. ओव्हर!"

मग बाई म्हणाल्या, "असं कबूल करायला छाती लागते, थोरले. ओव्हर."

थोरल्याने ऐटीत वळून पाहिलं. धाकट्याचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. तो तर कौतुकाने हसत होता! किल्ली त्याच्या तळहातावर आपटून थोरला तरातरा जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी हजेरीला लांबलांबचे आवाज धुतल्यासारखे स्वच्छ आले. थोरला हेडफोन कानाला दाबून, चहा निववत, शेवटच्या माणसापर्यंत बसून होता.

"अहो, एवढं काय ऐकताय?"

"गप्प बस जरा. खरखर आल्यासारखी वाटतेय."